आवाज कुणाचा? मणक्याचा!

हल्ली मोबाइलवर अंगठा वर सरकवत गेलं की चौथ्या-पाचव्या रीलला कुणाची तरी मान मोडतात. मोडणारा काळ्या टी-शर्टातला, दंड कमावलेला. मागे प्लॅस्टिकच्या मणक्यांची माळ लटकलेली. मोडून घेणारा बाकावर पालथा, तोंड भोकात. आणि त्याच्या मानेपाशी एक छोटासा माइक. पूर्वी डॉक्टर छातीला नळी लावायचे, ती आतलं त्यांना ऐकू यावं म्हणून. हा माइक आतलं आपल्याला ऐकू यावं म्हणून. एक झटका. कडाक्! बाकावरचा हसतो, कधी रडतो, ‘हलकं वाटतंय’ म्हणतो, आणि खाली लोक रांगेने विचारतात, ‘सर, पुण्यात कुठे?’

पुण्यात आहे. मुंबईत आहे, ठाण्यात आहे. तुमच्या गावात नसला तर येईल. कायरोप्रॅक्टर आता आपल्याकडे रुळला. पाठ, मान, खांदा, गुडघा, काय दुखेल ते घेऊन लोक त्याच्याकडे निघालेत, आणि निघणाऱ्यांना वेड्यात काढण्याची माझी इच्छा नाही. पाठ दुखणाऱ्याला वेड्यात काढणारा माणूस स्वतः अजून खाली पडलेला साबण उचलायला वाकलेला नसतो. त्या काळ्या टी-शर्टशीही माझं वैर नाही. भांडण आहे ते माइकशी.

कारण तो आवाज. आपल्या सांध्यांत बुळबुळीत द्रव असतो, त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात पोकळी धरते. आवाज तिचा. ती पोकळी तयार होताना आवाज येतो की फुटताना, यावर शास्त्रज्ञ १९४७ पासून भांडताहेत. १९७१ मध्ये लीड्सच्या संशोधकांनी ‘फुटताना’ म्हणून निकाल दिला. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एमआरआय यंत्रात एका माणसाची बोटं एकेक करून ओढली आणि ‘तयार होताना’ म्हणून सांगितलं. २०१८ मध्ये गणितवाले मधे पडले आणि पुन्हा ‘फुटताना’. खटला चालू आहे, पण आरोपी दोन्ही पक्षांना मान्य आहे : वायू. सरकलेलं हाड ‘टक्’ करून जागेवर बसल्याचा हा आवाज, असं यातलं कुणीच म्हणत नाही. तेवढं फक्त रीलखाली लिहिलेलं असतं. शिवाय एकदा वाजलेला सांधा पुढची वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही. म्हणून तर रिटेक नसतो, माइक आधीच लावून ठेवावा लागतो.

डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरला लहानपणी आई आणि मावश्या-आत्या दटावायच्या, बोटं मोडू नकोस, संधिवात होईल. हा पठ्ठ्या साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडत राहिला. उजवा हात तसाच ठेवला, तुलनेसाठी. शेवटी दोन्ही हात सारखेच ठणठणीत निघाले आणि २००९ मध्ये त्याला गमतीचं ‘इग नोबेल’ मिळालं. म्हणजे आवाजाने वाईट काही होत नाही. चांगलंही काही होत नाही, हे सांगायला मात्र कुणी मावशी पुढे आलेली नाही.

या आवाजाचं घराणं जुनं आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मिसिसिपी नदीकाठी डॅव्हनपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचारांचं दुकान चालवत होते. मूळचे कॅनडाचे. त्याआधी शाळामास्तर, मधमाश्या पाळणारे, किराणा दुकानदार. इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्डला सतरा वर्षं ऐकू येत नव्हतं. पामरांनी त्याच्या पाठीवरचा वर आलेला मणका दाबला आणि, पामरांच्या म्हणण्याप्रमाणे, त्याला ऐकू यायला लागलं. कानाची नस कानातून निघते ती कवटीतल्या कवटीत मेंदूकडे जाते. पाठीकडे ती फिरकतही नाही. पण पामरांचं अडलं नाही. त्यांनी जाहीर केलं, शंभरातले पंच्याण्णव आजार मणके सरकल्याने होतात, उरलेले पाच बाकीचे सांधे सरकल्याने. हिशोब पुरा! जंतूंना जागाच ठेवली नाही. हे ज्ञान आपल्याला एका दिवंगत डॉक्टरच्या आत्म्याकडून मिळालं, असंही पुढे त्यांनी लिहून ठेवलं. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तुरुंगात जाऊन आले. १९१३ मध्ये वारले. मृत्यूचं नोंदलेलं कारण विषमज्वर. कुठला मणका ते नोंदलेलं नाही.

लक्षात घ्या, पहिला रुग्ण पाठ दुखते म्हणून आलाच नव्हता. पाठ-मान-कंबर हा धंदा नंतरचा. खरा धंदेवाईक तर मुलगा निघाला, बार्टलेट जोशुआ. त्याने बापाची शाळा हातात घेतली आणि १९२२ मध्ये चक्क रेडिओ केंद्र घेतलं. डब्ल्यूओसी हे त्याचं नाव, म्हणजे ‘वंडर्स ऑफ कायरोप्रॅक्टिक’ असं सगळे सांगत. पुढे याच केंद्रावर रोनाल्ड रेगन नावाचा होतकरू निवेदक लागला. तो कुठवर गेला ते ठाऊक आहेच. तेव्हा मणक्याला माइक लावण्याची कल्पना इन्स्टाग्रामची आहे असं समजू नका. ती शंभर वर्षांची आहे.

आता डॉक्टर मंडळींनी टाळ्या वाजवायच्या आधी एक गोष्ट. तीही धुतल्या तांदळाची नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये कायरोप्रॅक्टिक निपटून काढायला एक समिती नेमली. सभासद डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवायचा नाही, असा बहिष्कारच. चेस्टर विल्क आणि आणखी काही कायरोप्रॅक्टर १९७६ मध्ये कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये जिंकले. न्यायाधीश बाईंनी सांगितलं, ही स्पर्धकाला संपवण्याची बेकायदा कारवाई आहे. ‘कायरोप्रॅक्टिक खरं आहे’ असं त्या म्हणाल्या नव्हत्या, पण भिंतीवर फ्रेम लावायला निकाल पुरतो.

बदला म्हणा किंवा काय, २००८ मध्ये उलट दिशेने खटला झाला. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी ‘गार्डियन’मध्ये लिहिलं की लहान मुलांचा दमा, कानाचे आजार, पोटशूळ असलं सगळं मणके दाबून बरं होतं या दाव्यांना पुरावा नाही. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने पुरावा देण्याऐवजी अब्रूनुकसानीचा दावा दिला. दोन वर्षं चालला. एप्रिल २०१० मध्ये अपील कोर्टाने सिंग यांच्या बाजूने कौल दिला आणि संघटनेने खटला मागे घेतला. या प्रकरणाचा तिथे एवढा गवगवा झाला की २०१३ मध्ये बदनामीचा कायदाच बदलला. मणके सरळ झाले की नाही ठाऊक नाही, कायदा झाला.

मग प्रश्न उरतो, कंबर दुखत असेल तर या माणसाच्या हाताने उतरते का? उतरते. थोडी. आणि इथेच दोन्ही बाजूंची पंचाईत होते. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने सत्तेचाळीस चाचण्यांचा आढावा छापला. जुन्या कंबरदुखीत मणके हाताने हलवण्याचा गुण व्यायाम आणि इतर मान्य उपचारांइतकाच. कमी नाही, जास्त नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुन्या कंबरदुखीसाठी या उपचाराला अटींसह हो म्हटलं. ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक सूचना तर स्पष्टच आहे : करायचंच तर व्यायामाच्या जोडीने, एकट्याने नाही. म्हणजे तो भोंदू नाही, जादूगारही नाही. व्यायामाच्या तोडीचा आहे. व्यायामात एकच खोट, तो स्वतः करावा लागतो. आणि त्याचा आवाज येत नाही.

आणखी एक भागीदार असतो, तो बिल लावत नाही. वेळ. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण सुटते, औषध घ्या नाहीतर न घ्या. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या कॉलेजने २०१७ मध्ये डॉक्टरांना हेच सांगून गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, हाताने उपचार यांकडे बघायला सांगितलं. माणूस तेल लावतो, पट्टा बांधतो, निर्गुडीच्या पाल्याने शेकतो आणि अगदीच असह्य झालं की कुणाच्या तरी दारात जातो. म्हणजे दुखणं शिगेला असताना. शिगेवरून उतारच असतो. उताराला जो हात लावेल तो डॉक्टर.

हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं, फक्त त्यांनी त्याला शास्त्र म्हटलं नाही. उसण भरली की पायाळूला बोलवायचं. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला, किंवा हलकीशी लाथ दिली, की उसण गेली. पात्रता जन्मजात, अभ्यासक्रम शून्य, फी फार तर चहा. पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं म्हणत, आणि त्याच्यावर वीज पडते असंही म्हणत. म्हणजे पावसाळ्यात दुसऱ्याच्या अंगणात जाऊन उपचार करणं हे त्याच्या दृष्टीने जोखमीचं काम. तरी तो यायचा. लाथ मारायचा. उसण दोन दिवसांत जायची. चार दिवसांत गेली तरी नाव त्याचंच. पायाळूने कधी कुणाला ‘अजून दहा लाथा लागतील, आगाऊ भरलेत तर दोन मोफत’ असं सांगितल्याचं मात्र ऐकिवात नाही.

ही प्रगती आताची. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी पॅकेज घेतलंय. काउंटरवरच्या मुलीशी झालेला संवाद त्यांनी मला जसाच्या तसा सांगितला.

“काका, आता कसं वाटतंय?”

“बरं वाटतंय.”

“छान. मग आता मेंटेनन्स सुरू करू. महिन्यातून दोन.”

“आणि बरं वाटलं नसतं तर?”

“तर अजून दहा सेशन लागले असते, काका.”

काका आयुष्यभर बँकेत होते. कर्जदाराला दोन्ही बाजूंनी कसं धरायचं हे त्यांना शिकवायची गरज नाही. तरी त्यांनी भरले. का भरले, तेही सांगितलं. आणि त्यांचं हे कारण मला पटलं म्हणून लिहितो.

काका आधी हाडांच्या डॉक्टरकडे गेले होते. मोठं हॉस्पिटल, दोन तास थांबले, तीन मिनिटं मिळाली. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म खिडकीकडे धरली आणि फिल्मशीच बोलले. “एल-फोर एल-फाइव्हला बल्ज आहे, गॅप कमी झालाय.” पुढे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, खाली मांडी घालून बसायचं नाही. गोळ्या. पुढचा. कंबर काकांची होती, पण तिला कुणी हातसुद्धा लावला नाही. कायरोप्रॅक्टरने लावला. पाऊण तास दिला. कुठे दुखतं, कधीपासून, झोप लागते का, विचारलं. या पाऊण तासासाठी कुणी पैसे मोजले तर मी त्याला हसणार नाही. तो पाऊण तास मोठ्या हॉस्पिटलांनी स्वतःहून समोरच्याच्या झोळीत टाकलाय.

आणि त्या फिल्मचं म्हणाल तर २०१५ मध्ये तेहतीस अभ्यासांमधली तीन हजारांवर माणसं एकत्र मोजली. सगळी न दुखणारी. विशीतल्या तीस टक्क्यांच्या चकतीला फुगवटा, ऐंशीतल्या चौऱ्याऐंशी टक्क्यांच्या. ऐंशीतल्या शहाण्णव टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या. आणि यांची पाठ दुखत नव्हती! म्हणजे काकांचा बल्ज हा बऱ्याच अंशी वाढदिवसाचा पुरावा. पण एकदा ‘मणक्यात गॅप’ असं कानावर पडलं की माणूस काचेचा होऊन बसतो. हाडवाला म्हणतो गॅप, कायरोवाला म्हणतो मणका सरकलाय. दोघांनी मिळून काकांच्या डोक्यात असं भरवलंय की आपला कणा म्हणजे कपांची उतरंड, शिंकलं की कोसळेल. मणके असे शिंकेने सरकत नाहीत. आणि खरोखर सरकलेला मणका अंगठ्याने दाबून बसवायची गोष्ट नाही, तिथे ॲम्ब्युलन्स लागते.

मानेचं मात्र मी गमतीत नेणार नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून वर जातात. मानेला अचानक पीळ दिला तर क्वचित त्यांच्या आतलं अस्तर फाटतं, गुठळी होते, पक्षाघात होतो. क्वचितच. पण होतो तो चांगल्या धडधाकट तरुणांनाही. कायरोप्रॅक्टर म्हणतात, अस्तर आधीच फाटलेलं असतं, म्हणूनच तर मान दुखते आणि रुग्ण आमच्याकडे येतो. हा बचाव अगदी फुसका नाही. कॅनडातल्या ओंटारिओत २००८ च्या अभ्यासात साध्या फॅमिली डॉक्टरकडे गेलेल्यांतही तसाच संबंध दिसला होता. ठीक. पण मग ज्याची रोहिणी फाटलेली असू शकते अशाच माणसाची मान तुम्ही माइक लावून पिळता, हा बचाव झाला की कबुली? आणि हाच नियम केशकर्तनालयालाही. दाढी झाल्यावर ‘मान मोडू का?’ विचारलं जातं तेव्हा चंपीवर थांबावं. कुणाची मान कुणाच्या हातात द्यायची याचा निर्णय तोंडाला फेस लागलेला असताना घेऊ नये.

आपल्या देशात आणखी एक भानगड. इथे पाठदुखीच्या मागे मणक्याचा क्षयरोग निघू शकतो. संध्याकाळची कणकण, उतरत चाललेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी पाठ. असल्या पोखरलेल्या मणक्यावर कुणी गुडघा रोवला तर काय होईल ते सांगायला नको. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची ठिसूळ हाडं आहेत. पडल्यानंतर दुखायला लागलेली पाठ आहे. पूर्वी कर्करोग झालेला माणूस आहे. आणि पायातलं बळ जातंय, बसायच्या जागेला बधिरपणा आलाय, लघवी कळत नाही किंवा होत नाही, असं काही असेल तर कायरोप्रॅक्टर नको, पायाळू नको, उद्याची अपॉइंटमेंटही नको. रिक्षा करा आणि त्याच रात्री हॉस्पिटल. चांगला कायरोप्रॅक्टर हे सगळं आधी विचारतो आणि हात न लावता परत पाठवतो. त्या परत पाठवण्याची रील होत नाही.

चांगला कोण, हे ओळखायचं कसं? इथे सरकार मदतीला नाही. अमेरिकेत पदवीनंतर राज्याचा परवाना लागतो. शेवटचं अडून बसलेलं लुइझियाना, तेही १९७४ मध्ये वळलं. ब्रिटनमध्ये १९९४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणीशिवाय हे नाव लावता येत नाही. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टांसाठी महाराष्ट्राची परिषद आहे, कायरोप्रॅक्टरांसाठी देशात वैधानिक परिषदच नाही. त्यामुळे परदेशात चार वर्षं शिकून आलेला आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र काचेत लावलेला, दोघांच्या पाट्या सारख्याच, दोघांच्या नावाआधी डॉक्टर. फरक कळायला काही नाही. फार तर शिकलेल्याचे व्हिडिओ कमी असतील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाणार आहे. एवढं गिऱ्हाईक समोर असताना कुणी माइक खाली ठेवेल असं वाटत नाही.

इकडे एका फिजिओथेरपिस्ट मुलीने काकांना चार व्यायाम कागदावर काढून दिले होते. कागद फ्रिजवर आहे, चुंबकाखाली. पामरांचा चुंबकीय उपचार आमच्या इमारतीत एवढाच.

परवा पुन्हा काकांची कंबर धरली. पॅकेज चालू असताना. काकू वैतागल्या आणि त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, “ह्यांना उसण भरली आहे. आपल्यात कुणी पायाळू आहे का?” बराच वेळ निळ्या खुणा नुसत्या उमटत राहिल्या. आता पायाळू मिळायचे कुठून, बाळ पोटात उलटं दिसलं की डॉक्टर सिझेरियनच करतात. शेवटी बी विंगमधल्या आयटीतल्या मुलाचं उत्तर आलं.

“काकू, मी पायाळू होतो, पण सिझेरियनने झालो. चालेल का?”

त्याच्या खाली लगेच तिसऱ्या मजल्यावरून प्रश्न : “किती घेतोस? माझी मान धरलीय.”